आई समुद्राला पाठ दाखवत नाही

आम्ही नागपूरचे. आमचं पाणी म्हणजे तलाव, आणि तलाव बिचारा ठेवला तिथेच राहतो. कोकणात समुद्राचे फोटो काढायला निघालो तेव्हा माझी तयारी फक्त कॅमेऱ्यांची होती. एक डिजिटल, एक जुना रोलवाला. सोबत आई, आणि आईचं एकच काम. भिवापूरची मौशी, म्हणजे तिची थोरली बहीण, अंथरुणाला खिळलेली. तिनं आईला बजावलं होतं, "मले टीव्हीतला समुद्र नको वं. ज्याच्यासमोर तू उभी राहशीन तो कागदावर आणजो." आईनं शब्द दिला होता.

पहिल्याच सकाळी मी रोलवर हात साफ केला. कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा, शटर बराच वेळ उघडं ठेवायचं, म्हणजे लाटांचं धुकं होतं म्हणे. झालं काय, तर सगळ्या फ्रेमा पांढऱ्याफटक. पण ते रोल धुऊन आल्यावर कळलं. एक फ्रेम तेवढी आईसाठी ठेवली होती.

संध्याकाळी आईला वाळूत उभं केलं. तिनं चपला काढल्या, समुद्राला हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि तशीच उभी राहिली. मी म्हटलं, आता इकडं वळ. ती नाही म्हणाली. देवाकडं पाठ करतात का कधी? आमच्या घरचे लोक देवळातूनही उलट्या पावलांनी निघतात. मी समजावलं, चिडलो, शेवटी हात टेकले. डिजिटलवर आईचा अंबाडा आणि पलीकडं समुद्र असे ढीगभर फोटो झाले. अंबाडा फारच सुरेख आला होता, पण मौशी काय अंबाड्याशी बोलणार?

मग मीच पाण्यात शिरलो, गुडघाभर. डिजिटल गळ्यात, फोन खिशात, रोलवाला डोळ्याला. आणि समुद्राकडं पाठ करून खुशाल उभा राहिलो, जसा काही आमच्या फुटाळा तलावात उभा आहे. आईचा चेहरा झकास दिसत होता, मागं माडांची रांग. तेवढ्यात तिनं आ वासला. मी बटण दाबलं आणि मागून लाट आली. आडवा झालो. रोलवाला तेवढा हात वर करून वाचवला. डिजिटल गळ्यातून निसटून लाटेबरोबर गेला, फोन गेला, अंबाड्यासकट सगळा समुद्र गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच परतीची गाडी होती.

नागपुरात रोल धुऊन आला. एकच फोटो धड, आणि त्यात समुद्राचा थेंब नाही. नुसती आई, डोळे बाहेर आलेले, तोंड उघडं. तोच फोटो घेऊन आम्ही भिवापूरला गेलो. मौशीनं तो डोळ्यांजवळ धरला आणि त्यातले आईचे डोळे निरखत राहिली. आई मान खाली घालून बसली होती.

"एवढा मोठा असते काय वं समुद्र?" मौशीनं विचारलं.

आईनं तिचा हात हातात घेतला. "याहून मोठा."