चौतीस पौंड हवा आणि तारकर्लीची वाट

शॉकॲब्सॉर्बर बसवायच्या चार लोखंडी पट्ट्या, त्यांचे पितळी बुश, दोन्ही शॉकना जोडणारी नळी, हवा भरायचा व्हॉल्व्ह, सायकलच्या पंपातून केलेला हातपंप आणि मागे बसणाऱ्याच्या पाठीला टेका. एवढं मी माझ्या हाताने केलं. शॉक तेवढे भंगारातून विकत घेतले, पण त्यांचे हवा अडवणारे रबरी सील मीच बदलले. आयटीआयची पायरी मी चढलेलो नाही. लेथ शिकलो तो दुसऱ्याचं बघून, आणि दोनदा बोट कापून घेऊन.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: या शॉकमध्ये स्प्रिंगच्या जागी हवा असते. हवा भरली की गाडीचा मागचा भाग वर येतो आणि कडक होतो. सोडली की खाली बसतो, मऊ होतो. आमच्या जुन्या मोटरसायकलला हे करायचं कारण एकच, माझी बायको सुनीता. लग्नानंतरची काही वर्षं आम्ही नांदगावहून तारकर्लीला याच गाडीवरून जायचो. मग तिच्या मणक्याने दगा दिला आणि नऊ वर्षं मागची सीट रिकामी राहिली. उंच सीटवर पाय टाकता येईना, खड्डा सोसवेना. हवेत दोन्हीचा उपाय होता. ती चढताना गाडी खाली, चढली की वर.

किती वर? अंदाजावर मी काम करत नाही. कणकवलीत काजू बी घेणाऱ्या ओळखीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर सुनीताला उभी केली.

"वयनीक काय भाव लावू?" तो म्हणाला.

"आदी ह्येंका चढव काट्यार," ती म्हणाली, "पोचट बी कशी ती कळात तुका."

एकसष्ट किलो चारशे ग्रॅम. तेवढ्याच वजनाचं भाताचं पोतं मागे बांधून मी चार दिवस गाडी फिरवली. उत्तर आलं, हवेचा दाब चौतीस पौंड. वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

भातकापणी उरकल्यावर एका सकाळी साडेसहाला निघालो. मी पुढे बसलो, हवा सोडली, ती सहज चढली. मग बसल्या जागी पंप मारून पंपावरचा काटा चौतीसवर आणला. व्हॉल्व्ह त्यासाठीच गुडघ्याजवळ घेतलाय. (असे शॉक असतील तर पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर जवळही येऊ देऊ नका. आत हवेला जागा इवलीशी, एका फटक्यात सील फाटतो.)

हायवे आता रुंद झालाय. पूर्वी कसालपर्यंत डोक्यावर झाडांची सावली असायची आणि सुनीता मागून मोठमोठ्याने बोलत असायची. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या म्हशीला रेडकू झालं, सगळं माझ्या उजव्या कानात. यंदा ती गप्प होती. मला वाटलं, बघतेय.

कसालला उजवीकडे वळलात की खरी वाट सुरू होते. घावणे, चटणी, चहा, दोघांचे शंभर रुपये. पेट्रोल येऊनजाऊन तीनशेचं. तारकर्लीत आम्ही उतरतो ते पर्यटकांना खोल्या देणाऱ्या, जुन्या ओळखीच्या कुंदाच्या घरी. तिच्या सासऱ्यांच्या वेळी तिथे एकच खोली होती आणि आंघोळ विहिरीवर. आता चार खोल्या झाल्यात, एका रात्रीचे बाराशे, बांगड्याचं जेवण दोनशे. चव मात्र तीच, तिरफळ जराही कमी नाही. वाळूत गाडी उभी करताना स्टँडखाली नारळाची करवंटी उपडी घाला, रुतत नाही.

दुपारी मी बाहेर नट आवळत होतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

"सबंद वाट दात आवळून इलंय गो कुंदा," सुनीता म्हणत होती. "पाठीत नुसती टोचणी."

"मगे सांग ना तेंका."

"कसा सांगू? आठ म्हयने ह्या गाडीयेपाठी घातल्यानी. उद्या मालवणाक उतरतंय आणि कपाळ दुखता म्हणान एस्टीन जातंय. परत काय मी बसूचंय नाय."

खरं सांगतो, मला आधी रागच आला. चौतीस बरोबर होतं! मी स्वतः तपासलं होतं. मग आठवलं, पोतं चार दिवसांत एकदाही 'आई गं' म्हणालं नव्हतं.

सकाळी मी पंपाच्या काट्यावर रुमाल गुंडाळला आणि तिला सीटवर बसवलं.

"ह्या काय?"

"काटो नको. तू सांग."

तिने माझ्याकडे बघितलं. मी कालचं बोलणं ऐकलं होतं हे तिला कळलं असणार. मी थोडी हवा सोडली, गल्लीतल्या खड्ड्यांवरून एक फेरी मारली. "आता?" "आजून वायच." पुन्हा फेरी. तिसऱ्या फेरीला कुंदा ओट्यावरून ओरडली, "अगो, लग्नाची वरात काडलास काय?" सहाव्या फेरीला सुनीता म्हणाली, "हां. पुरे."

रुमाल सोडला. चोवीस. एवढ्या कमी हवेत गाडी इतकी बसते की गतिरोधकावर मधला स्टँड घासतो, आणि तो आवाज मला सहन होत नाही. तरी वर एक पंपही मारला नाही.

मालवणच्या एस्टी स्टँडसमोर मी गाडी थांबवली. इंजिन चालू ठेवलं. कणकवलीची एस्टी लागलेली होती, कंडक्टर दारात उभा. मी मागे वळलो नाही.

"थांबलात कशाक?" माझ्या उजव्या कानात आवाज आला. "चला. आणि ऐकलात काय, कुंदाच्या जावेन..."

कुंदाच्या जावेची गोष्ट कसालपर्यंत पुरली. गाडीचा स्टँड अकरा वेळा घासला. तीसच्या वर वेग नेला नाही, म्हणून नांदगावला पोचायला तीन तास लागले. ती हात न धरता उतरली आणि तडक चूल पेटवायला गेली.

वहीतल्या चौतीसवर काट मारून चोवीस लिहिलं आहे. त्याचा हिशेब मला अजून मांडता आलेला नाही. पर्यटकांना गाड्या भाड्याने देणारे दोडामार्गचे एक गृहस्थ गेल्या आठवड्यात घरी येऊन गेले. दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पट्ट्या पाहिल्या आणि गाडी, पंप, वही असं सगळं मिळून मागितलं. मी नाही म्हटलं. एक लाख दहा हजार देत होते.