चपलेचा बेडूक आणि फुगवट्यावरची मरळ

रविवार, १३ जुलै, पहाटे चार वाजून पन्नास मिनिटे. बारामतीत आमच्या स्वयंपाकघरात बसून मी मासे धरायच्या एका नकली बेडकाला शेवटची गाठ मारत होतो. पकडीच्या दांड्यांना रबर गुंडाळून गळ घट्ट धरायचा, त्यावर जुन्या रबरी चपलेचा तुकडा बसवायचा, मागे पायांसारखे बकरीचे केस, वरून शिलाईचा दोरा आणि गाठीवर नेलपॉलिश. गळावर बांधलेल्या, कोंबड्याच्या मानेच्या पिसांच्या अकरा नकली माश्या आधीच डब्यात होत्या, चिलापी माशांसाठी. पण मला चिलापी नको होती, मरळ हवी होती.

आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, पायाचे बोट साखरेमुळे काढून वीस दिवस झाले होते आणि जखम भरत नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, मरळीचा रस्सा द्या. डॉक्टर म्हणाले, द्या, पण गोळ्या चुकवू नका. आखाड असल्यामुळे बाजारात मरळ आली की लगेच संपत होती. आणि खरे सांगायचे तर मला ती माझ्याच गळावर हवी होती. दवाखान्याच्या बाकावर बसण्यापलीकडे मी आबांसाठी काही केलेच नव्हते.

मागच्या खेपेला एक मासा निसटला होता. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबला की गळ माशाच्या तोंडातून सहज निघतो, म्हणून या वेळी तो मी दाबून सपाट केला नाही.

सव्वापाचला गाडी काढली. पेट्रोल अडीचशेचे. सणसरपर्यंत रस्ता बरा आहे. तिथे चहा आणि भजी, चाळीस रुपये. पुढे निमगावनंतर वरकुट्याची वाट विचारत जावे लागते. शेवटचे तीन किलोमीटर काळी माती आहे. चाक आणि मडगार्डच्या मध्ये चिखल भरतो, खरवडायला एक काडी जवळ ठेवा. मी दोनदा पडता पडता वाचलो.

उजनी धरणाच्या फुगवट्याच्या, म्हणजे मागे पसरलेल्या पाण्याच्या, काठावर एक म्हातारे गृहस्थ जाळे झटकत होते. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही म्हणालो. त्यांनी माझा डबा उघडून बेडूक बोटांत धरला.

"ही काय, चप्पल हाय व्हय?"

"हो तात्या. मरळीसाठी."

"मरळ न्हाय धरली तर पायात घाल." मग त्यांनी काठाकडे हात केला. "हितं बस, न्हायतर त्या दगडाकडं जा. तिकडं बुडालेल्या बाभळीकडं मातूर जाऊ नगं."

का, ते त्यांनी सांगितले नाही. मी विचारलेही नाही. स्वतःची चांगली जागा राखून ठेवत असतील, असे मला वाटले.

तीन तासांत चार चिलाप्या लागल्या, तळहाताएवढ्या. पिसांची माशी त्यांना आवडते. बेडकाकडे कुणी फिरकले नाही. मी सारखा घड्याळ बघत होतो. साडेदहाला तात्या जाळे घेऊन पलीकडच्या वळणाला गेले आणि मी बाभळीकडे गेलो.

तिथे पाऊस नसताना पाण्यावर भुरभुर दिसत होती. पाणी तेवढ्यापुरते लालसर होते. बारीक काहीतरी वर येत होते, खाली जात होते. मासे चरत आहेत असे समजून मी बेडूक बरोबर मध्ये टाकला. पहिल्याच फेकीला पाणी फुटले.

मरळ दीड किलोच्या वर होती. काठावर ओढली तेव्हा गळ कल्ल्यात खोल रुतला होता आणि रक्त थांबत नव्हते. माझी आरोळी ऐकून तात्या आले. त्यांनी आधी माशाकडे आणि मग पाण्याकडे बघितले.

"नर हाय. पिलं राखत व्हता," ते म्हणाले. "काय बी जवळ आलं की तोंड मारतोय त्यो, भूक नसली तरी. सोड त्याला, बिगी."

काटा निघेना. मी पकडीने ओढला तसा कल्ला फाटला. आम्ही त्याला पाण्यात उभा धरला. तो दोनदा हलला आणि पोट वर करून आडवा झाला. तेवढ्यात त्या लालसर पाण्यातल्या पिलांमध्ये चिलाप्या शिरल्या होत्या. आधी चार-पाच, मग मोजता येईनात इतक्या. तात्यांनी खडे मारले, मीही मारले. दहा-बारा मिनिटांत पाणी साफ झाले, एकही पिलू उरले नाही.

"ह्या काठाला औंदा हीच एक जोडी दिसली व्हती," तात्या म्हणाले. "काटा दाबायचा की रं, लेकरा."

मी आबांचे सगळे सांगितले. पैसे पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतला.

"ने आता घरी. बा बरा झाला की हितं येऊन सांग. तेवढं तरी मला कळू दे."

संध्याकाळी आईने रस्सा केला. आबांनी दोन वाट्या घेतल्या.

"कशावर घावली?"

"चपलेवर."

ते हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. पिलांचे मी त्यांना सांगितले नाही, आईलाही नाही. जेवण झाल्यावर डब्यातल्या अकराही माश्यांचे काटे पकडीने दाबून टाकले. जाणार असाल तर तुम्हीही घरीच दाबून न्या. आणि बाभळीकडे जाऊ नका.

खर्च: पेट्रोल अडीचशे, चहा-भजी चाळीस, येताना गाडी धुवायला साठ. एकूण तीनशे पन्नास.

देणे: वरकुट्याला एक खेप. आज सहा आठवडे झाले. आबांच्या पायाची पट्टी अजून रोज ओली निघते.