गिरणीचा सत्कार

लीड्सच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी आयुष्यभर लोकांना झोपवायचं काम केलं. भूल देणारा डॉक्टर. पण खासगीत सांगतो, माझ्या सगळ्या इंजेक्शनांनी झोपवली नसतील तेवढी माणसं आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी झोपवली, आणि तीही बसल्या जागी, नातेवाइकांची सही न घेता. अध्यक्ष हाडांचे डॉक्टर. मोडलेलं हाड तासाभरात जुळवायचे; पण माईक हातात आला की तो हाताशी असा जुळायचा की सोडवायला दुसरं ऑपरेशन लागेल.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. टीव्ही लावला की आफ्रिकेतली उपाशी मुलं दिसायची आणि गोरी मंडळी हायस्ट्रीटवर मदतीचे डबे खुळखुळवत उभी असायची. आपणही काहीतरी करावं असं आमच्या मंडळाला वाटू लागलं. वाटलं ते बरोबरच होतं. नुसतं वाटून थांबलो असतो तर त्या बायकांचं भलं झालं असतं, असं आता वाटतं.

त्या बायका टांझानियातल्या, एका तळ्याकाठच्या गावातल्या. माझी बायको जन्मली त्याच बाजूला. तिचे वडील तिथे रेल्वेत होते. मराठीच्या आधी ती स्वाहिली बोलली. आजही चिडली की स्वाहिलीतच चिडते, त्यामुळे आमच्या संसारातले माझे निम्मे अपमान मला कळलेलेच नाहीत. तिची एक लहानपणची मैत्रीण पुढे त्या गावात बायकांचा गट चालवू लागली. त्या गटाचं पत्र आलं, ते या मैत्रिणीने लिहिलेलं. मागणी एकच होती, पिठाची गिरणी.

मका तिथलं रोजचं अन्न. आपण तांदळाची उकड करतो तसं मक्याच्या पिठाचं घट्ट काहीतरी रोज शिजतं. पीठ हवं तर घरी उखळात कुटायचं, नाहीतर डोक्यावर पाटी घेऊन दुसऱ्या गावच्या व्यापाऱ्याच्या गिरणीवर जायचं. यात अर्धा दिवस जायचा. त्यांच्या स्वतःच्या गावात एका म्हाताऱ्याची डिझेलवर चालणारी जुनी गिरणी होती, पण तो आता ती विकून शहरात मुलाकडे जाणार होता. बायकांना त्याने शब्द दिला होता: नवा मका येईपर्यंत थांबतो, तोवर पैसे आणा. व्यापाऱ्याचाही त्या गिरणीवर डोळा होता. बायकांनी सुकी मासळी विकून विकून निम्मी किंमत तालुक्याच्या बँकेत साठवली होती. उरलेली निम्मी त्या आमच्याकडे मागत होत्या.

आमच्या मंडळाने तेव्हा जे केलं त्याला खरंच तोड नव्हती. नाटक बसवलं. त्यात नायक हॉस्पिटलातला कन्सल्टंट, खलनायक त्याच्याच हाताखालचा रजिस्ट्रार आणि नायिका इतकी वयस्कर की तिच्या गुडघ्यावर अध्यक्षांनीच शस्त्रक्रिया केलेली. मध्यंतरात बटाटेवडे. वड्यांचा वास यॉर्कपर्यंत गेला असणार, कारण ओळखपाळख नसलेले इंग्रज कुत्र्यांसकट आत येऊन बसले आणि तीन अंक मराठी नाटक बघून गेले. पैसे जमले. हवे होते तेवढे जमले.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. बँकेत जायचं, पैसे पाठवायचे, घरी येऊन वरणभात खायचा.

पण कमिटीची सभा झाली, आमच्याच बैठकीच्या खोलीत. पैसे पोस्टातून ढकलणं अध्यक्षांना पसंत नव्हतं. लग्नाचा आहेर कोणी पोस्टाने पाठवतं का, असं त्यांनी विचारलं. पत्र लिहिणाऱ्या त्या बाईंना इकडे बोलवू, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू, चेक हातात देऊ, एक स्मरणिका काढू. कमिटीचे डोळे असे लकाकले की दिवा मालवला असता तरी सभा चालली असती.

"अहो, विमानाच्या तिकिटात निम्मी गिरणी जाईल," बायको म्हणाली.

"वहिनी," अध्यक्ष म्हणाले, "पैसे काय, कोणीही पाठवतं. सन्मान कोण पाठवतं?"

टाळ्या पडल्या. घर आमचं, चहा आमचा, चिवडा आमचा, आणि मतदानात विरोधी मतं दोनच, तीही आमचीच.

आमंत्रण गेलं, मैत्रिणीचं उत्तर आलं. तिने लिहिलं होतं की मी येणं नको, मक्याचे दिवस जवळ आलेत, पैसे पाठवले तर बरं. बायकोने हे सभेत वाचून दाखवलं. आता आपल्या माणसांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पंगतीत पाहुणा पानावर आडवा हात धरून नको म्हणाला की आपण त्या हाताच्या फटीतून आणखी एक पुरणपोळी सरकवतो. खरंच नको असेल असं मनातही येत नाही. पहिल्याच आग्रहाला हो म्हणणारा पाहुणा आपल्याकडे हावरट ठरतो. अध्यक्ष भारावून म्हणाले की बाई खानदानी दिसतात. पुन्हा आमंत्रण गेलं. पुन्हा नको आलं. कमिटीचा तिच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. तिसऱ्या खेपेला आमंत्रणाबरोबर तिकीटच गेलं, व्हिसाच्या कागदपत्रांसकट. तिकीट हातात आल्यावर देणाऱ्याला नाही कसं म्हणणार? ती आली.

त्या हिवाळ्यात लीड्समध्ये असा बर्फ होता की श्वास सोडला तर तो खाली पडून पायाला लागावा. बाईंनी उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता. एकदा खिडकीतून बघितला आणि पुन्हा बघितला नाही. उंच, शांत बाई. माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवसापासून भांडी घासू लागली, नको म्हटलं तरी. सकाळी चहा पिताना रोज तेच विचारायची, कार्यक्रम कधी. म्हातारा थांबला आहे, पण त्याचा मुलगा घाई करतो आहे. शिवाय बँकेतले पैसे तिच्या सहीशिवाय निघत नाहीत, आणि ती सही तर इथे बसली होती, लीड्समध्ये, आमच्या टेबलाशी.

कार्यक्रम पुढे गेला. एजवेअरहून येणारे प्रमुख पाहुणे फ्लूने आडवे झाले. ते उठले तर कॉव्हेंट्रीहून येणारी लेझीम-मंडळी मोटरवेवर बर्फात अडकून परत गेली. त्यांच्याशिवाय स्वागत कसं करणार? अध्यक्षांना मी जाऊन सांगितलं की आज घरीच चेक देऊन टाका, सत्कार नंतर तिच्या फोटोचा करू. ते हसले. मी विनोदी माणूस म्हणून प्रसिद्ध होतो. त्याचा असा तोटा असतो.

शेवटी एका शाळेच्या हॉलमध्ये सोहळा झाला. लेझीम झालं. गणेशवंदना, स्वागतगीत, मग अध्यक्षांचं प्रास्ताविक. त्या प्रास्ताविकात हॉलच्या केअरटेकरची दाढी वाढलेली मी या डोळ्यांनी पाहिली. व्यासपीठावर एक पुठ्ठ्याचा चेक आणला, दाराएवढा, दोघांनी धरावा लागणारा. त्यावर तिचं नाव सोनेरी अक्षरात होतं. रकमेची जागा कोरी होती, कारण खर्चाचा हिशोब अजून व्हायचा होता. फोटो निघाले. मग बाईंना दोन शब्द बोलायची विनंती झाली. ती स्वाहिलीत बोलली, माझी बायको शेजारी उभी राहून मराठीत सांगत गेली.

"तुम्ही मला फार प्रेमाने बोलावलंत. आमच्या गावात एक म्हातारा वाट बघतो आहे. आज पैसे दिलेत तर मी उद्या निघते."

एवढंच. अध्यक्षांनी डोळे पुसले, माईक घेतला आणि म्हणाले की मंडळी, हा साधेपणा बघा. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. माझी बायको मात्र टाळ्या वाजवत नव्हती, आणि ती पाहुणी हात जोडून एकेका चेहऱ्याकडे बघत होती, कोण पैसे काढून देतंय ते.

तिकीट, हॉल, जेवण, लेझीमवाल्यांची व्हॅन, स्मरणिका. सगळं वजा जाऊन जे उरलं त्यात गिरणीचा पट्टा आला असता आणि वर डिझेलचे दोन कॅन. त्या संध्याकाळी बायकोने आणि मी ठरवलं की उरलेली भर आपण घालायची. उन्हाळ्यात पुण्याला जाणं नाही, एवढंच. बाईंना तसं सांगितलं तेव्हा ती आल्यापासून पहिल्यांदा हसली आणि तिने बॅग भरायला घेतली.

सकाळी फोन वाजला. तालुक्याच्या चर्चमध्ये फोन होता, तिथून तिच्या गटातली एक बाई बोलत होती, म्हणजे ओरडत होती. एवढ्या लांबून सगळ्यांनाच ओरडावं लागायचं. बायको दुसऱ्या बाजूने कान लावून ऐकत होती, ते तिने मला नंतर सांगितलं. म्हाताऱ्याचा मुलगा ट्रक घेऊन आला होता. बायका बँकेत धावल्या. मॅनेजरने सही मागितली. सही कुठे आहे, तर विलायतेला पैसे आणायला गेली आहे. हे बायका बँकेतच, सगळ्यांसमोर बोलल्या. व्यापाऱ्याच्या कानावर जायला कितीसा वेळ लागतो? विलायतेचे पैसे यायच्या आत त्याने रोख मोजले, आणि गिरणी उचलून आपल्या गावी, पहिल्या गिरणीशेजारी नेऊन ठेवली. तळ्याकाठच्या गावात आता एकही उरली नव्हती.

पाहुणी फोन ठेवून खुर्चीवर बसली. रडली नाही. माझ्या बायकोकडे बघून काहीतरी विचारलं. बायको माझ्याकडे वळली.

"विचारतेय, मी तीनदा नको म्हटलं होतं. तुमच्याकडे नको म्हणायचं असेल तर माणसाने काय करायचं असतं?"



दुपारी अध्यक्ष पेढे घेऊन आले. त्यांना सांगितलं. ते ऐकून खुर्चीत असे खचले की त्यांचीच हाडं कोणी काढून घेतली असावीत. मग हळूच म्हणाले की शिलाई मशिनं घेता येतील. बायकोने ते तिला सांगितलंसुद्धा नाही.

आमची भर तिने घेतली नाही. मंडळाचं उरलेलं तेवढं घेतलं, कारण ते आमच्या गटाच्या नावाने जमलंय म्हणाली. परत गेल्यावर बँकेतले आणि हे पैसे तिने बायकांत वाटून टाकले, जिचे तिला. गट मोडला. कोणी छपराला पत्रे घेतले, कोणी मुलांच्या शाळेत भरले, एकीच्या नवऱ्याने पिऊन टाकले. हे तिनेच कळवलं, त्यात तक्रारीचा एक शब्द नव्हता, आणि त्यामुळे पत्र वाचवत नव्हतं.

पुढल्या वर्षी कमिटी बदलली. नव्या, उत्साही सेक्रेटरीने परस्पर तिला लिहून गिरणीचा फोटो मागवला, स्मरणिकेसाठी. तिने पाठवला. मागितला तेवढाच, गिरणीचा. आमच्या मंडळाने तो आतल्या पानावर छापला आणि खाली मंडळाच्या सहकार्याबद्दल दोन ओळी लिहिल्या. बायकोने अंक माझ्यासमोर ठेवला आणि बोटाने दाखवलं. पत्र्याच्या शेडच्या दारात व्यापारी पोट पुढे काढून उभा आहे. बाहेर बायकांची लांब रांग. रांगेच्या मधोमध, डोक्यावर मक्याची पाटी घेऊन, ती उभी आहे, पुढच्या बाईच्या पाठीकडे बघत.