धुऱ्यावरची चिंच आणि बिनदाराची गाडी

ती गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी थांबलोसुद्धा नव्हतो. चालत्या मोटरसायकलवरून नुसती मान वळवली आणि समोरच्या ऑटोवर जाऊन आदळता आदळता वाचलो. वाशीममध्ये शिरताना एक वेल्डिंगचं दुकान लागतं. तिथे खिडक्यांचे ग्रिल आणि पाण्याच्या टाक्यांचे स्टँड यांच्या मधोमध ती उभी होती. दार नाही, छत नाही, काच नाही. नुसता पाइपांचा पिंजरा, आत दोन सीट, खाली चार गलेलठ्ठ चाकं. त्या दिवशी ऑफिसात एका अर्जावर मी दोनदा आवक क्रमांक टाकला आणि साहेबांची बोलणी खाल्ली. संध्याकाळी घरी परतताना मात्र थांबलो.

"बग्गी हाये साहेब," दुकानदार म्हणाला. "एका कॉलेजच्या पोट्ट्यांनी स्पर्धेसाठी बनवली होती. पोट्टे पास होऊन गेले, गाडी माया गळ्यात राह्यली. चिखलात टाका, गोट्यात टाका, नाल्यात टाका. फक्त रोडवर नेऊ नका, पासिंग नाही तिचं."

चिखल म्हटल्याबरोबर मी कान टवकारले. आमचं गाव किन्हीराजाच्या बाजूला आहे आणि वावर गावापासून दीड किलोमीटरवर. मध्ये पांदण, दोन्हीकडच्या वावरांमधून जाणारी कच्ची वाट. पावसाळ्यात ती पांदण म्हणजे काळ्या मातीचा लगदा असतो. मोटरसायकलचं चाक चार हातांवर फिरेनासं होतं, माणसाची चप्पल तिथेच राहते. पूर्वी आमची बैलगाडी जायची. बैल मी विकले, दोन वर्षांपूर्वी. मी वाशीमला नोकरीला, गडी मिळत नाही, वावर बटईने, अर्ध्या वाट्याने दिलेलं, मग बैल कशाला, असा माझा हिशोब होता. बैलांमागोमाग गाडीही गेली. त्यानंतर वर्षभरात बाबांच्या गुडघ्यांनी राम म्हटला. ट्रॅक्टरवर त्यांना चढता येत नाही, मोटरसायकलवर पाय टाकता येत नाही, पांदणीतून चालता येत नाही. दोन पावसाळे त्यांनी आपलं वावर पाहिलेलं नाही.

म्हणजे गाडी बाबांसाठी घ्यायची होती. मी सगळ्यांना हेच सांगत होतो. अर्धं खरंही होतं. उरलेल्या अर्ध्यात पन्नाशीला टेकलेला एक कारकून होता, त्याला आयुष्यात एकदा तरी दार नसलेल्या गाडीत बसून चिखल उडवायचा होता.

आता हे इतकं सरळ असतं तर मी चौथ्या दिवशी गाडी घरी आणली असती. पण चार महिने गेले. उन्हाळ्यात पाहिलेली गाडी श्रावण आला तरी दुकानातच होती आणि मी रोज जाता-येता थांबत होतो. कधी टायर दाबून पाहायचो, कधी खाली वाकून बघायचो. खाली वाकून मला काय कळणार होतं, देव जाणे. एक दिवस म्हणायचो, टायर झिजलेत. दुसऱ्या दिवशी म्हणायचो, सीट फाटकी आहे. दुकानदाराने टायर फिरवून दाखवले, सीट शिवून घेतली. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, रंग बरा नाही. तेव्हा तो हातातला रॉड खाली ठेवून म्हणाला, "साहेब, तुमाले गाडी पाह्याची हाये का नवरी?"

घरी बायकोला फोटो दाखवला. तिने तो मोठा करून, लहान करून, आडवा करून पाहिला. "याले दार नाही, टप नाही. मंग हे हाये तरी काय?" ती म्हणाली. मी चिडलो. मी त्या चार महिन्यांत सगळ्यांवर चिडत होतो. जेवताना मांडी घालून धड दहा मिनिटं बसवत नव्हतं.

कारण खरी गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. गाडी घेतली की बाबा वावरात पोचणार होते. आणि वावरात पोचले की त्यांना धुऱ्यावरची, वावराच्या बांधावरची चिंच दिसणार नव्हती.

ती चिंच बाबांच्या वडिलांच्या वेळची. बाबा तिच्याखाली बैल सोडायचे, भाकर खायचे, दुपारी तिच्या मुळाला डोकं टेकून पडायचे. मागच्या उन्हाळ्यात बटईवाल्याने मला ऑफिसात फोन केला. "चिंचेखालचं सोयाबीन पिवयं पडते भाऊ, अन् ट्रॅक्टर बी फिरत नाही. तोडून टाकू का?" माझ्यासमोर टेबलावर फायलींचा ढीग होता. मी म्हणालो, "टाक तोडून." अर्धं मिनिटही लागलं नसेल. एका जुन्या गाडीसाठी चार महिने चाळे करणाऱ्या माणसाने शंभर वर्षांची चिंच अर्ध्या मिनिटात पाडली होती.

बाबांना सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे मी सांगितलं नाही. ते रोज संध्याकाळी ओसरीत बसून मला वावराचं विचारायचे. सोयाबीन कसं हाये, तूर किती वर आली, नाल्याले पानी हाये का. आणि शेवटी चिंचेचं. फुलोरा आला का? आला, म्हणायचो. यंदा लागली का? लागली. एकदा खोटं बोललं की पुढचं आपसूक येतं. माघात ते म्हणाले, "मंग आनशीन त थोडी." मी वाशीमच्या बाजारातून चिंच घेतली, पिशवी बदलली आणि घरी आणून सुपात ओतली. बाबांनी एक बोटूक फोडून तोंडात टाकलं. बराच वेळ चघळत राहिले. "यंदा आंबटपना कमी हाये," म्हणाले. मी सूप उचलून आत ठेवलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं. बाबांनी सहज खिडकीकडे पाहिलं तरी मला वाटायचं, यांना कळलं.

शेवटी गाडीचं बाबांना बायकोनेच सांगितलं. मी घरी आलो तर ते ओसरीच्या काठावर बसून होते, डोळ्यांत दोन वर्षांत न दिसलेली चमक.

"वावरात जाते म्हनं ते?"

"जाते असं तो म्हनते. पन टायर जुने हायेत बाबा."

"बैल कोनी बाजारात नुसता पाहून घेते काय? वावरात नेऊन जुपून पाह्यते मानूस. त्याले म्हना, एक दिवस घेऊन ये. आमच्या मातीत चालली त बोलू."

मला वाटलं, दुकानदार नाही म्हणेल आणि मी सुटेन. तो एका पायावर तयार झाला. माझ्या रोजच्या थांबण्याला तोही कंटाळला असावा.

त्याच आठवड्यात बाबांनी बायकोकडून बाजारातून एक नवं दावं मागवलं. सुताचं, जाड. आमच्याकडे जनावर विकणारा आपलं दावं कधी देत नाही. ते सोडून घ्यायचं आणि घरात ठेवायचं, नाहीतर गोठ्याची लक्ष्मी दाव्यासोबत जाते. घेणाऱ्याने आपलं नवं दावं आणायचं. ते जनावराच्या गळ्यात पडलं की सौदा झाला, मग मागेपुढे नाही. आमचे बैल गेले तेव्हा बाबांनी त्यांची दावी सोडून खुंटीला टांगली होती, ती अजून तिथेच आहेत. बिनबैलाच्या गाडीसाठी दावं मागवणाऱ्या बाबांना हसावं की रडावं, मला कळेना. मी आतल्या आत वळवळत राहिलो.

रविवारी उघाड होती. दुकानदाराने गाडी टेम्पोतून आणून पांदणीच्या तोंडाशी उतरवली. मला क्लच आणि गिअर समजावून सांगितले आणि जाता जाता म्हणाला, "फक्त एक ध्यानात ठेवा साहेब. गरम झाल्यावर मधात बंद करू नका. लवकर चालू होत नाही मंग." संध्याकाळी परत नेतो म्हणून तो टेम्पोसकट निघून गेला.

बाबांना मी आणि बायकोने दोन बाजूंनी धरून आत बसवलं. दार नव्हतं ते किती बरं होतं, ते तेव्हा समजलं. पाय उचलून आत ठेवले की झालं. मांडीवर दाव्याची पिशवी, डोक्याला रुमाल. मी चावी फिरवली आणि गाडीने असा आवाज काढला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

गाडी चालली. खोटं कशाला बोलू, झकास चालली. चिखलात मागून थोडी लचकायची, पण थांबायची नाही. बाबा एका हाताने पाइप धरून दुसऱ्या हाताने दोन्ही बाजूंची वावरं दाखवत होते, काहीतरी बोलत होते. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी फक्त त्यांच्याकडे पाहत होतो. दोन वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. नाला आला. नाला ओलांडला की वळण, वळणापुढे आमचा धुरा. वळणावरूनच चिंचेचा शेंडा दिसायचा.

बाबांनी बोट वर केलं. ते आत्तापासूनच शेंडा शोधत होते.

"बाबा," मी ओरडलो, "चिंच तोडली!"

"काय?"

"चिंच! तोडली!"

"हो, हो! तिथंच थांबू!" ते हसून ओरडले.

मग मात्र मला राहवलं नाही. दुकानदाराने सांगितलेलं आठवत होतं, तरीही मी नाल्याच्या अलीकडे गाडी थांबवली आणि चावी फिरवली. एकदम सगळं शांत झालं. नाल्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

"बाबा, चिंच तोडली आपली. मागच्या उन्हायात. मीच हो म्हनलं."

त्यांचं वर केलेलं बोट हळूहळू खाली आलं.

"मंग ते चिंच कोनती आनली होती?"

"बाजारातली."

"तरीच," ते म्हणाले. आणि तोंड फिरवून नाल्याकडे बघत बसले.

मी चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. मला पळून जावंसं वाटत होतं, पण चिखल पोटरीपर्यंत होता आणि बाबांना उतरता येत नव्हतं. मी खाली उतरलो, गाडीला मागून ढकललं, पुढून ओढलं, इंजिनावर हात भाजून घेतला. बाबा हलले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. अर्धा तास आम्ही तिथे होतो आणि त्या अर्ध्या तासात मी चावी किती वेळा फिरवली असेल, मोजदाद नाही.

मग डवरणी, पिकातली कोळपणी, आटोपून शेजारच्या धुऱ्याचे काका बैलजोडी घेऊन आले. गावात आता तीनच जोड्या उरल्यात, त्यांतली ही एक. बैलांनी गाडी पाहून कान उभे केले. काकाही तसेच थांबले.

"हे काय आनलं रे बापा?" मग आत बाबा दिसले. "दादा, तुमी? मी त तुमाले पांदनीत पाहीन असं वाटलंच नव्हतं."

बाबांनी मांडीवरची पिशवी उघडून नवं दावं बाहेर काढलं आणि माझ्या हातात दिलं. माझ्याकडे न बघता. काकांनी ते दुहेरी करून एक टोक गाडीच्या पुढच्या पाइपाला बांधलं, दुसरं जूला.

"दादा, घराकडं ओढू का वावराकडं?"

घराकडं, असं मी म्हणणारच होतो.

"वावराकडं," बाबा म्हणाले.

बैल पुढे, मागे स्पर्धेची गाडी, आत स्टिअरिंगला हात न लावता बसलेले बाबा आणि बाजूने एका हाताने स्टिअरिंग धरून चिखल तुडवत मी, असे आम्ही नाला ओलांडून वळणावर आलो. पुढे मोकळं आभाळ होतं. धुऱ्यावर गुडघाभर उंचीचा बुंधा. बटईवाल्याने त्यावर फवारणीचा पंप ठेवला होता. बाबांनी हातानेच खूण केली, गाडी बुंध्याला खेटून उभी राहिली. त्यांनी पंप उचलून खाली ठेवायला लावला आणि बुंध्यावर तळहात ठेवला.

"चुकलं मायं, बाबा," मी म्हणालो. काका बैलांच्या तोंडाकडे बघायला लागले.

बाबांनी हात लांबवून जवळच्या सोयाबीनचं एक पान तोडलं, उलटं करून पाहिलं आणि माझ्यासमोर धरलं. खाली हिरवी अळी होती.

"हे कोन पाह्यते इथं?"

"बटईवाला."

"अन् तू?"

मी विषय बदलायला म्हणालो, "संध्याकाळी गाडी वापस धाडतो. बिघडलेली हाये, काही कामाची नाही."

काकांना घरी जायची घाई होती. त्यांनी जूची गाठ सोडली आणि गाडीच्या पाइपाची गाठ सोडायला वाकले.

"ते सोडू नको," बाबा म्हणाले. "दावं गाडीलेच राहू दे."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या गावात याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही.

"बाबा, पन हे त अर्ध्या रस्त्यात बंद पडली," मी म्हणालो.

"बंद पडू दे. मले आता रोज यावं लागन इथं," बाबा म्हणाले. "तुया भरोशावर उरलेला धुरा बी राहाचा नाही."