प्लेटांचं तोंड

त्या उन्हाळ्यात मला एका जागी बसवत नव्हतं. जेवता जेवता उठायचो, भिंतीवरच्या इन्व्हर्टरचा आकडा पाहायचो, जिना चढून छतावर जायचो, सोलरच्या प्लेटांवर हात फिरवायचो आणि पुन्हा खाली यायचो. बायको खाटेवरून म्हणायची, "बसा ना जरा. तुमाले पाहून मलेच दम लागून राहिला."

दम तिला खरंच लागायचा. हिवाळ्यात ती नागपूरच्या दवाखान्यात बारा दिवस होती. फुप्फुसात पाणी झालं होतं. सुटी देताना डॉक्टरनं बजावलं, यंदाचा उन्हाळा सांभाळा, यांना गरमी सोसणार नाही. आमची एकुलती मुलगी नागपूरलाच राहते, शाळेत शिकवते, घरी एसी आहे. ती म्हणाली, "बाबूजी, होळी झाली का मायला घेऊन जाते. पाऊस लागला का आणून सोडते."

"स्वतःचं घर असताना चार महिने पोरीच्या घरी कायले?"

"घर आहे. थंड नाही आहे."

"थंड करतो."

खरं कारण मी तिला सांगितलं नाही. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली, इतक्या वर्षांत बायको माहेरीसुद्धा आठ दिवसांच्या वर राहिली नव्हती. ती दवाखान्यात असताना मी या घरात एकट्यानं काढलेले दिवस मला पुन्हा नको होते. पण बापानं असं पोरीजवळ बोलायचं नसतं.

मुलगी माझ्यावरच गेलेली. म्हणाली, "ठीक आहे, करा थंड. पण एकदा जरी मायचा जीव घाबरला, तर मी गाडी घेऊन येते. मग तुमचं ऐकणार नाही."

आमचं गाव आमगावच्या पुढे. उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की दुपारी लाईन नावालाच असते. पंखा फिरतो, पण पाती मोजून घ्या. म्हणून मी ठरवलं, छतावर सोलर बसवायचं, सोबत बॅटऱ्या, आणि दिवसभर कूलर चालवायचा. मुलगी फोनवर सांगत होती, "आधी पंखे अन् कूलर बदला, बाबूजी. कमी करंटचे निघाले आता. तेव्हा कुठं सोलर पुरते."

मी म्हटलं, "ऊन फुकट आहे. चारा फुकट असला तर बैल किती खाते, हे कोण मोजते?"

माझे पंखे लोखंडी, जड. प्रत्येकाची वायंडिंग दोनदा-तीनदा झालेली. कूलर मी गोंदियाला उभा राहून पत्र्याचा बनवून घेतला होता. तो सुरू झाला की शेजारच्याला कळायचं. ते टाकायचे कशाला?

गोंदियाहून फिटर आला. छत पाहून म्हणाला, "काकाजी, प्लेट का मुँह साउथ में रहेगा."

साउथ म्हणजे कोणतं ते मी विचारलं. त्यानं हात केला. तिकडे आमचा मसणघाट.

आमच्याकडे दिव्याची वात दक्षिणेला करत नाहीत. धनतेरसला एक दिवा तेवढा तिकडे तोंड करून ठेवतात, तो यमाचा. आणि इथं घरात नुकतंच मरणाच्या दारातून परत आलेलं माणूस. अशा वेळी घराचा सगळा उजेड मी दक्षिणेकडे तोंड करून बसवू?

"पूर्वेला कर," मी म्हटलं.

"दोपहर के बाद मार खाओगे, काकाजी. सूरज पीछे चला जाएगा."

"सूर्य कुठून निघते हे सत्तर वर्षं पाहून राहिलो. तू मले शिकवू नको."

त्यानं आणखी दोनदा समजावलं. मग प्लेटांचे पाय सिमेंटमध्ये पक्के केले, तोंड पूर्वेला. जाताना मोबाईलवर फोटो काढला आणि माझ्याकडून वदवून घेतलं की हे मी सांगितलं म्हणून असं केलं आहे.

चैत्रात काही कळलं नाही. सकाळी दहाला बॅटरी भरून जायची. मी गावातल्यांना बोलावून कूलरपुढे बसवायचो. वैशाखात मात्र इन्व्हर्टर बोलायला लागला. शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली, पण आकडा मला कळतो. वरचा आकडा म्हणजे येणारी वीज, खालचा म्हणजे जाणारी. दुपारपर्यंत वरचा मोठा. दोन वाजले की तो उतरायचा, आणि खालचा जागचा हलायचा नाही. पावणेचारला मशीन टीं टीं करायचं. तेव्हाच तर खरी गरमी.

मी टीव्ही बंद केला. फ्रीज बंद केला. माझ्या खोलीतला पंखा बंद केला आणि ओसरीत घामात बसलो. बायको म्हणाली, "तुमी भाजून मले हवा घालणार का? मग नागपूर का वाईट होतं?"

तरी फिटरला फोन केला नाही.

मग एक दिवस सकाळीच गावची डीपी, विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. लाईन दिवसभर नाही. साडेतीनलाच टीं टीं सुरू झालं आणि थोड्या वेळानं तेही थांबलं. कूलर थांबला, पंखा थांबला. घर एकदम मुकं झालं. मी आत गेलो तर ती खाटेवर उठून बसली होती, दोन्ही हात खाटेच्या काठावर टेकून, तोंडानं श्वास ओढत. मी टॉवेल ओला करून तिच्या मानेवर ठेवला आणि सूप घेऊन हवा घालायला लागलो. धान पाखडायचं सूप. हात भरून आले तरी थांबलो नाही. बाहेर छतावर ऊन रखरखत होतं, आणि माझ्या प्लेटा त्याच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

तितक्यात मुलीचा फोन. "माय कशी आहे, बाबूजी?"

माझी जीभ उचलेना. बायकोनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"मजेत आहो. कूलरपाशी... बसून राहिली. तू जेवली का?"

एवढं बोलायला ती तीनदा थांबली. फोन ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"खोटं काऊन बोलली?" मी विचारलं.

"तुमच्यानं बोलणं होत नव्हतं म्हणून." मग डोळे न उघडता, "प्लेटा फिरवा."

"दक्षिणेला?"

"यम का प्लेटीचं तोंड पाहून येते? हिवाळ्यात आला होता तवा छतावर कोणती प्लेट होती?"

मी सूप हलवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी फिटरला बोलावलं. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, सिमेंट फोडावं लागेल, नवीन पाया घालून त्याला आठ दिवस पाणी मारावं लागेल. सोमवारच्या आधी माणसं मिळणार नाहीत. मग त्यानं चिमट्यासारखा मीटर माझ्या पंख्याच्या वायरला लावला आणि आकडा दाखवला.

"इतने में नए वाले ढाई पंखे चल जाएँगे, काकाजी. कूलर का तो पूछो ही मत."

बैल किती खाते ते मी पहिल्यांदा मोजलेलं पाहिलं.

नवे पंखे कोणते घ्यायचे, ते मुलीला विचारावं लागणार होतं. मी अंगणात तीन चकरा मारल्या आणि फोन लावला.

"तू ते कमी करंटचे पंखे कोणते म्हणत होती?"

"काऊन? काही झालं का?"

"झालं. काल तुझा फोन आला तेव्हा मायचा जीव घाबरला होता. प्लेटा मी उलट्या लावल्या."

"मी रविवारी येते," ती म्हणाली. आणि पंख्याचं नाव सांगितलं.

मी गोंदियाला जाऊन दोन पंखे आणि बारक्या मोटरचा कूलर आणला. जुने पंखे मागच्या खोलीत ठेवले, माझ्याकडून भंगारात घातले गेले नाहीत.

रविवारी ती बाराला पोचली. जेवली, उठली आणि स्वतःच्या हातानं लाईनचा मेन स्विच खाली पाडला. म्हणाली, "पाहू." खुर्ची ओढून मायजवळ बसली. प्लेटा अजून पूर्वेकडेच होत्या. मी ओसरीत, ओसरीतून अंगणात, अंगणातून आत. आत यायला भीती वाटायची, बाहेर राहायलाही. तीन वाजले. पावणेचार झाले. वरचा आकडा पडला होता, पण खालचा आता एवढासाच होता. नव्या पंख्याला आवाज नाही, म्हणून सारखं वाटायचं, बंद पडला. साडेचारला पाहिलं तर बायको कुशीवर झोपली होती. मुलगी तिच्या पाठीवर हात ठेवून तिचे श्वास मोजत होती.

साडेपाचला मशीन बोललं. मुलीनं उठून मेन स्विच वर केला. लाईन होती.

"उद्या फिरवणार ना प्लेटा?"

"फिरवणार."

"दक्षिणेला?"

"फिटर म्हणते तिकडं."

ती चहा न घेता निघाली. मी गाडीपर्यंत गेलो. मागच्या सीटवर तिनं मायसाठी गादी अंथरली होती, डोक्याशी उशी ठेवली होती. दार उघडून तिनं उशी काढली आणि माझ्या हातात दिली.

"हे घरात ठेवा. माय टेकून बसेल."