दहापैकी किती

हे गेल्यानंतर पाचव्या महिन्यात मी सर्वेक्षणाचं काम धरलं. आपल्या घरातल्या भिंती बघत बसण्यापेक्षा दुसऱ्यांच्या बघाव्यात, एवढाच विचार. शाळेत तीस वर्षं पेपर तपासले होते, त्यामुळे गुणांची सवय होतीच. इथे सत्तरीपुढच्या माणसांना विचारायचं: एकंदर आयुष्याबद्दल तुम्ही दहापैकी किती समाधानी आहात? पाचाच्या खाली गुण आले, तर संस्थेच्या दिवसभराच्या केंद्रात जागा मिळायची. न्यायला-आणायला गाडी, जेवण, पत्ते, गप्पा. जागा मोजक्याच होत्या.

धायरीत एका आजींकडे गेले. मूळचं गावचंच शेतकरी कुटुंब. शेताच्या जागी आता इमारत उभी आणि तिच्या दोन मजल्यांवर सगळं खटलं एकत्र. नातवंडं आजींच्या अंगाखांद्यावर, सून चहात आलं घालू का विचारतेय, आणि आजी म्हणाल्या, चार लिहा. मी पुन्हा विचारलं. सून आत गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "भरल्या घराचं आपल्या तोंडानं सांगू नये बाई, दृष्ट लागती."

मी चार लिहिले.

त्याच आठवड्यात येरवड्याला एका आजोबांकडे गेले. यवतमाळकडचे, बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आलेले. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडत ते अंधार पडल्यावर परतत. टेबलावर जेवण झाकून ठेवलेलं होतं. आजोबांनी माझ्यासाठी खुर्ची पुसली, पेला दोनदा विसळला. "दहा लिहा जी. पोरगं सोन्यासारखं आहे." परक्या बाईपुढे नऊ म्हणणं म्हणजे त्यांच्या लेखी मुलाची तक्रार झाली असती. निघता निघता मी फॉर्मात नसलेलं विचारलं, काल कोणाशी बोललात? ते बराच वेळ आठवत राहिले.

"कोणाशी नाही जी. पण थे लिहू नका."

मी दहा लिहिले.

ऑफिसात काम बघणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. तिला सांगितलं की ते चार म्हणजे चार नव्हेत आणि ते दहा म्हणजे दहा नव्हेत. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, प्रश्न सगळ्यांना शब्दशः सारखाच विचारायचा ताई, तरच ते न्याय्य. पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, मग चपलाही सगळ्यांना एकाच मापाच्या वाटा. शाळेत माझ्या जिभेला लोक वचकून असायचे. त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही, रागसुद्धा आला नाही. तिच्या कागदाच्या कोपऱ्यात, 'काल कोणाशी बोललात हे विचारावं', एवढं लिहिलं आणि घरी गेले.

केंद्रातली जागा आजींना मिळाली. गाडी धायरीला जाऊन रिकामी परत आली. घरदार सोडून मी कुठं जाऊ, असं आजींनी ड्रायव्हरला ऐकवलं म्हणे.

महिन्याभरानं माझा प्रश्न फॉर्मात घ्यायचं ठरलं. मी आजोबांना सांगायला येरवड्याला गेले. दाराला कुलूप. मुलाची बदली झाली, सगळे गेले, शेजारीण म्हणाली. कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. मी बरं म्हटलं आणि स्वारगेटची बस पकडली. बसमध्ये रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

पुढच्या सोमवारी नवा फॉर्म आधी आम्हा साठीच्या पुढच्या कर्मचाऱ्यांवर करून बघायचा होता. ती मुलगी माझ्यासमोर बसली. दहापैकी किती, ताई? मी आठ म्हणाले. तिनं आठ लिहिले.

"काल कोणाशी बोललात?"

मी आठवायला लागले. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो. मुलाचा फोन शनिवारी येऊन गेला होता.

"काल रविवार होता," मी म्हणाले.

ती पेन धरून वाट बघत राहिली.

"हे नको लिहूस," मी म्हणाले.