कुकरातले जिवाणू

आमच्या रायपूरच्या प्रयोगशाळेत फ्लास्क धुणारे काका प्रत्येक फ्लास्क आधी मोठ्या कुकरात उकळत. जिवाणूंबद्दल बोलताना आवाज खाली आणत, जणू ते ऐकतील.

धानाच्या पेंढ्यापासून इंधन करणारे जिवाणू आम्ही घडवत होतो. आमच्या खास खाद्याशिवाय ते मरतील, असं संगणकावरचं माझं गणित सांगत होतं. घरातली पहिली पदवीधर मी. गणितावर माझी श्रद्धा. म्हणून फ्लास्कात उरलेलं जिवाणूंचं पाणी मी न उकळताच बेसिनमध्ये ओतत होते; ते पुढे गावाच्या नदीला मिळे. एकदा काकांनी माझं मनगट धरलं.

"काहून वो पोट्टी, तुह्या कम्प्युटरनं खारून नदी पाहिली काय?"

त्यांनी माझ्या फ्लास्कातले दोन थेंब आमचं खास खाद्य न घातलेल्या काचेच्या थाळीवर टाकले. तिसऱ्या दिवशी तिथे जिवाणूंचे पांढरे ठिपके उगवले होते.

याआधी किती फ्लास्क ओतले, हे काकांनी अजून विचारलेलं नाही. ते जवळ आले की मी खोलीबाहेर जाते.